गुठळीचा पूर्वेतिहास आणि लसीचा निर्णय

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनमधील न्यायालयात अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने सादर केलेल्या कागदपत्रांची बातमी एप्रिल २०२४च्या अखेरीस आली आणि तेव्हापासून आपल्या दैनिकासह बहुतेक सर्व वृत्तपत्रांत कोव्हिशिल्ड (त्याच कंपनीच्या करोना लसीचे भारतातील नाव) व रक्ताच्या गुठळ्या हा विषय गाजत आहे. अत्यंत दुर्मीळ प्रसंगी या लसीमुळे गुठळ्या व प्लेटलेट घटणे असा एकत्रित विकार होऊ शकतो, हे कंपनीने मान्य केले, ही बातमी महत्त्वाचीच आहे आणि ज्यांच्या घरातील माणूस यात गेले त्यांच्या दुःखाला ‘दुर्मीळ’ या शब्दाने काही उतार पडत नाही. त्यांना भरपाई कोणी द्यावी हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. मी लिहिते आहे ते मात्र दुसऱ्याच वाचकांसाठी: ज्यांना लसीच्या कितीतरी आधी पायात, फुप्फुसात किंवा अन्यत्र गुठळी होऊन गेली आहे आणि या बातम्यांतील ‘गुठळी’ हा शब्द वाचताच ज्यांचा हात आपोआप स्वतःच्या पोटरीकडे जातो, त्यांच्यासाठी. मी त्यांच्यापैकीच एक आहे.

२०११ साली पाय मोडून प्लास्टर घातले असताना माझ्या डाव्या पायात गुठळी झाली आणि तिचा तुकडा फुप्फुसापर्यंत गेला. चार वर्षांनी कोणतेही उघड कारण नसताना पुन्हा तेच झाले, तेव्हापासून रक्त पातळ ठेवण्याची गोळी कायमची मागे लागली. (‘पातळ’ हा शब्दही तसा फसवाच, गोळीने रक्त पाण्यासारखे होत नाही, ते गोठायला वेळ लागतो इतकेच.) दरमहा आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या आकड्याची) तपासणी, आणि गोळीचा परिणाम कमी करणारे मेथी-पालक एक दिवस भरपूर व चार दिवस अजिबात नाही असे न करता बेताने खाणे, हे सारे अंगवळणी पडले आहे.

१ एप्रिल २०२१ पासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली तेव्हा मी ५६ वर्षांची होते. ७ एप्रिलला युरोपच्या औषध नियामक संस्थेने या लसीनंतरच्या गुठळ्यांची नोंद अतिदुर्मीळ दुष्परिणाम म्हणून करावी असे जाहीर केले आणि त्याच सुमारास मी केंद्रावर गेले. तेथील परिचारिकेने विचारले, “बाई, रक्ताचा काही आजार?” मी खरे ते सांगितले. “मग डॉक्टरांची चिठ्ठी आणा,” असे म्हणून तिने मला परत पाठवले. तिचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. चुकला होता तो प्रश्न, कारण ‘रक्ताचा आजार’ या दोन शब्दांत परस्परविरुद्ध आजार कोंबलेले होते.

आपल्या मराठीतही ‘रक्त गोठण्याचा विकार’ असे आपण सरसकट लिहितो. हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्त गोठायला हवे तेव्हा गोठत नाही. माझे नको तेव्हा गोठते. जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले तेव्हाच्या सूचनांतील सावधगिरी मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल होती. कोव्हॅक्सिनच्या तेव्हाच्या माहितीपत्रकात रक्तस्रावाचा विकार असणाऱ्यांनी व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती लस घेऊ नये असे म्हटले होते, तर कोव्हिशिल्डच्या पत्रकात अशा व्यक्तींनी तसे आधी सांगावे एवढेच होते. सुई स्नायूत जाते, आत रक्त साकळू शकते, ही ती काळजी. एप्रिलमध्ये युरोपातून आलेली काळजी नेमकी उलट टोकाची होती. माझ्यासारख्या रुग्णाला दोन्ही एकाच वेळी लागू होतात असे वाटले, तर नवल काय?

माझ्या फिजिशियननी फोनवर दहा मिनिटांत हा गुंता सोडवला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी एकाचे दोन प्रश्न केले. पहिला, गोळी चालू असताना सुई टोचून घेता येईल का? त्याचे उत्तर सोपे होते: अलीकडचा आयएनआर ठरलेल्या मर्यादेत असेल तर येईल, सुई बारीक हवी आणि टोचल्यावर ती जागा न चोळता निदान दोन मिनिटे घट्ट दाबून धरायची. गोळी मात्र आपल्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. दुसरा प्रश्न, मला पूर्वी झालेली गुठळी आणि लसीनंतर क्वचित होणारी गुठळी या एकाच जातीच्या आहेत का? नाहीत. माझी पहिली गुठळी पाय हलत नसताना शिरेत रक्त साचून झाली. लसीनंतरच्या विकारात शरीर प्लेटलेटमधील एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करते, त्यांमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि त्यात त्या खर्ची पडल्यामुळे रक्तातील त्यांची संख्या घसरते. डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द आता घराघरांत पोचला आहे आणि त्या कमी झाल्या की रक्तस्राव होतो हेही सर्वांना ठाऊक आहे. येथे त्या कमी होत असतानाच गुठळ्या होतात, म्हणून हा विकार वेगळा. त्याच्याशी जवळचे नाते आहे ते हेपारिन या गुठळी रोखणाऱ्या औषधाने काही रुग्णांत होणाऱ्या प्रतिक्रियेचे. त्यामुळे डॉक्टरांनी मला विचारले, “२०११ मध्ये हेपारिनची इंजेक्शने चालू असताना प्लेटलेट एकदम खाली आल्या होत्या का?” मी जुनी फाइल काढली, आल्या नव्हत्या. ज्यांना तसे झाले होते, किंवा पहिल्या डोसनंतरच हा विकार झाला, त्यांचा निर्णय निराळा. बाकी पायात गुठळी होऊन गेली एवढ्यावरून लस नाकारण्याचे कारण नव्हते.

यानंतर उरला तो तराजू. १७ मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जे सांगितले त्यानुसार भारतात कोव्हिशिल्डनंतरची गुठळ्यांची संभाव्य प्रकरणे २६, म्हणजे दर १० लाख डोसांमागे ०.६१ होती, हेच प्रमाण ब्रिटनमध्ये ४ आणि जर्मनीत १० होते. आपल्या कमी आकड्यावर मी फार विसंबले नाही, आजही विसंबत नाही, कारण खाटा आणि ऑक्सिजन शोधण्यात गेलेल्या त्या महिन्यांत प्रत्येक डोकेदुखीची नोंद झाली असेल असे कोण म्हणेल? जर्मनीचा आकडा धरूनही माझे पारडे मात्र बदलत नव्हते. पुढे ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील सुमारे २ कोटी ९० लाख लस घेतलेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शिरांतील गुठळ्यांची जादा प्रकरणे दर १ कोटी लोकांमागे या लसीच्या पहिल्या डोसनंतर ६६ आणि करोनाच्या संसर्गानंतर १२,६१४ आढळली. यावर कोणी रास्तपणे म्हणेल की लस टोचली जाणार हे नक्की आणि संसर्ग होणार हे संभाव्य, तेव्हा दोन आकडे असे शेजारी मांडू नयेत. मान्य आहे, पण त्या एप्रिलमध्ये साताऱ्यात संसर्ग किती ‘संभाव्य’ होता, हे आमच्या गल्लीला विचारावे.

हा तराजू सर्वांना सारखाच तोलतो, असेही नाही. ब्रिटनने ७ एप्रिलला ३० वर्षांखालील आणि ७ मेला ४० वर्षांखालील निरोगी व्यक्तींना शक्यतो हिच्याऐवजी वेगळी लस द्यावी असे ठरवले, कारण तरुणांना करोनाचा धोका कमी आणि या विकाराचा तुलनेने जास्त होता. मी तिशीत असते आणि हाताशी वेगळी लस असती, तर मीही तीच मागितली असती.

आता सध्याच्या घबराटीविषयी. माझ्या जाऊबाईंनी शेवटचा डोस घेऊन अडीच वर्षे झाली, त्यांना गुठळीचा इतिहास नाही, तरीही परवा त्या डी-डायमरची (गुठळी विरघळताना रक्तात उतरणाऱ्या घटकाची) तपासणी करून आल्या. थोडा वाढलेला अहवाल हातात पडल्यापासून त्यांना झोप नाही. लसीनंतरचा हा विकार साधारणपणे चौथ्या दिवसापासून सहा आठवड्यांच्या आत दिसतो. तीव्र, न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणे, छातीत दुखणे, धाप, पायाला सूज, पोटात सतत दुखणे, टोचलेल्या जागेपासून दूर त्वचेवर उमटणारे लाल ठिपके, ही त्याची लक्षणे. डी-डायमर तर वयाने वाढतो, साध्या संसर्गाने वाढतो, मार लागल्यानेही वाढतो. शेजारच्या गृहस्थांनी बातमी वाचून परस्पर अ‍ॅस्पिरिन सुरू केली आहे. त्यांना जुना अल्सर आहे. रक्तस्रावाची भीती येथे खरी आहे आणि तिची बातमी कोठेच नाही.

म्हणून आपणास विनंती अशी की, या विषयाची बातमी देताना मथळ्यात नाही तरी पहिल्या परिच्छेदात ‘गुठळ्या’बरोबर ‘प्लेटलेट घटणे’ हेही लिहावे, किती डोसांमागे किती प्रकरणे ते प्रमाण द्यावे आणि लसीनंतर किती दिवसांत, हे सांगावे. एवढे छापले असते तर जाऊबाईंचे तपासणीचे पैसे वाचले असते.

पावसाळ्यापूर्वी मी फ्लूची लस घेणार आहे. त्या लसीचा या विकाराशी संबंध नाही, त्यामुळे माझ्यापुरता पहिलाच, गोळी चालू असताना सुई टोचण्याचा, प्रश्न शिल्लक आहे. गेल्या आठवड्यातील आयएनआर २.४, म्हणजे मर्यादेत आहे, तो कागद पर्समध्ये ठेवला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा
१२ मे २०२४