कोटेशनवर दोन सवलती, बिलावर एकच

दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५
दांडिया बाजार, बडोदे

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
प्रवासी मोटारी

प्रत: व्यवस्थापक, आपले बडोद्यातील अधिकृत विक्रेते

विषय: कॅश डिस्काउंट आणि कमी व्याज दोन्ही लेखी कबूल करून ऐन वेळी कॅश डिस्काउंट काढून घेतल्याबाबत

महोदय,

दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबरला, मी आपल्या कंपनीची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी बडोद्यातल्या आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतली. गाडीबद्दल माझे काहीच म्हणणे नाही, ती उत्तम आहे. म्हणणे आहे ते तिच्या किमतीच्या कागदांबद्दल. शोरूमच्या शिक्क्याचे कोटेशन माझ्याकडे आहे. त्यावर ७,२०,००० रुपये एक्स-शोरूम किमतीतून ४०,००० कॅश डिस्काउंट वजा केला आहे आणि खाली ३.९९ टक्के दराने पाच वर्षांचे कर्ज, हप्ता ९,१९६ रुपये, असे लिहिले आहे. प्रत्यक्षात डिस्काउंट न मिळाल्याने कर्ज ४,६०,००० ऐवजी ५,००,००० चे झाले, आणि माझ्या खात्यातून जाणार आहे तो हप्ता ९,९९६ रुपयांचा. एका आकड्याचा फरक, पण महिन्याला ८०० रुपये आणि ६० हप्त्यांत ४८,०००.

हे कसे झाले ते सांगते. नवरात्रात आपली पानभर जाहिरात इथल्या गुजराती वर्तमानपत्रात आली होती. एका बाजूला '१,३२,००० रुपयांपर्यंत फायदा', दुसऱ्या बाजूला '३.९९ टक्के व्याज' आणि दोहोंच्या मध्ये ठसठशीत अधिकचे चिन्ह. तळाशी इंग्रजीत बारीक अक्षरांत अटी. त्या मी भिंग घेऊन वाचल्या आहेत. फायदा मॉडेलप्रमाणे बदलेल, कर्ज देणे न देणे वित्तसंस्थेच्या मर्जीवर, एक्सचेंज (जुनी गाडी देऊन नवी घेणे) आणि स्क्रॅपेज (जुनी गाडी भंगारात काढणे) यांपैकी एकच बोनस मिळेल, एवढेच तिथे आहे. यातल्या एकाही अटीवर माझी हरकत नाही. कमी व्याज घेतले तर कॅश डिस्काउंट मिळणार नाही, हे मात्र त्या अटींत कुठेच नाही. शोरूममध्ये मी हे मुद्दाम विचारले होते. सेल्समन म्हणाले, "बेन, बधुं मळी जशे," म्हणजे सगळे मिळून जाईल. आणि त्यांनी कोटेशन लिहून दिले. त्या कोटेशनवरच मी बुकिंगचे पैसे भरले.

१ ऑक्टोबरला संध्याकाळी अंतिम हिशेबाचा कागद समोर आला तेव्हा डिस्काउंटच्या रकान्यात रेघ होती. विचारल्यावर उत्तर मिळाले की स्कीमचा फायनान्स घेतला की कॅश डिस्काउंट लागत नाही, 'कंपनीचे तसे सर्क्युलर आहे'. सर्क्युलर दाखवा म्हटले तर ते अंतर्गत असल्याने दाखवता येत नाही. तोपर्यंत माझी जुनी गाडी त्यांच्या आवारात गेली होती, तिच्या मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या होत्या, आणि ज्या बँकेत माझा पगार जमा होतो तिथले कर्ज मी या कोटेशनच्या भरवशावर नको म्हणून कळवले होते. दुसऱ्या दिवशी दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, बँका बंद. डिलिव्हरीच्या कागदावर मी 'डिस्काउंट न दिल्याबद्दल हरकत नोंदवून गाडी घेत आहे' असे लिहून सही केली. त्याची प्रत सोबत आहे.

मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब लिहिते. म्हणून ३.९९ टक्क्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या जाहिरातीतला सर्वात मोठा आकडा तोच आहे. हा दर फ्लॅट आहे. म्हणजे ५,००,००० रुपयांवर पाचही वर्षे पूर्ण रकमेचे व्याज लावायचे, ते ९९,७५० होते, आणि बेरजेला ६० ने भागायचे. मुद्दल दर महिन्याला फिटत असते, व्याज मात्र न फिटल्यासारखे लागत राहते. सगळ्या बँका वापरतात त्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने हाच दर सुमारे ७.४ टक्के पडतो. त्यात ५,००० रुपये प्रक्रिया शुल्क मिळवले की ७.८ च्या वर जातो. हा आकडा माझा नाही. कर्जाच्या 'मुख्य तथ्य विवरणपत्रा'त वार्षिक टक्केवारी दर म्हणून तोच छापला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसोबत हे पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे, आणि सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात ते किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असले पाहिजे, म्हणजे ग्राहकाला विचार करायला तेवढा वेळ मिळतो. मला ते त्या संध्याकाळी टॅबवर दाखवण्यात आले आणि "ओटीपी सांगा, नाहीतर उद्याची डिलिव्हरी अडकेल" असे सांगण्यात आले. ७.८ टक्के हा दर वाईट नाही, हे मी मान्य करते. माझ्या बँकेचा ९ होता. पण मग जाहिरातीत ३.९९ कशाला?

आता खरा हिशेब. कॅश डिस्काउंट सोडून कमी व्याज घेण्यात माझा काही फायदा असता तर हे पत्र मी लिहिले नसते. ५,००,००० रुपयांचे कर्ज माझ्या बँकेकडून ९ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, घेतले असते तर हप्ता १०,३७९ रुपये. आपल्या स्कीमचा ९,९९६. महिन्याला ३८३ वाचले, पाच वर्षांत २२,९८०. या २२,९८० साठी मला आज ४०,००० सोडायला लावले. ते ४०,००० रोख मिळाले असते तर कर्जच ४,६०,००० चे लागले असते, आणि माझ्या 'महागड्या' बँकेचा हप्ता ९,५४९ बसला असता. म्हणजे स्वस्त व्याजाच्या गाडीचा हप्ता महाग व्याजाच्या गाडीपेक्षा ४४७ रुपयांनी जास्त आहे, तेही पूर्ण ६० महिने. कर्ज छोटे किंवा कमी मुदतीचे असेल तर हे गणित स्कीमच्या आणखी विरोधात जाते, कारण व्याजातली बचत घटते आणि गमावलेला डिस्काउंट तेवढाच राहतो. गिऱ्हाइकाला आधी सांगितले असते तर कोणताही शहाणा माणूस या गाडीवर डिस्काउंटच घेईल. म्हणूनच सांगितले जात नसावे, असा माझा समज झाला आहे. तो चुकीचा असेल तर तसे लेखी कळवावे.

दोन्ही सवलती एकत्र का देता येत नाहीत, हे मला समजते. व्याज कमी करण्यासाठी कंपनी वित्तसंस्थेला फरकाची रक्कम आधीच देते. त्याला तुमच्या धंद्यात सबव्हेन्शन म्हणतात. ज्या पैशांतून ग्राहकाला रोख सूट द्यायची, तेच पैसे वित्तसंस्थेकडे जातात. ठीक आहे, पैसा तुमचा आहे. पण एकच लाडू दोन पानांत वाढल्याचे दाखवू नका. जाहिरातीत अधिकच्या चिन्हाऐवजी 'किंवा' छापले असते, कोटेशनवर दोन स्वतंत्र हप्ते लिहिले असते, तर निवड माझी राहिली असती. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात शून्य टक्के व्याजाच्या योजनांबद्दल बँकांना असेच बजावले होते: वस्तूच्या किमतीत सूट असेल तर कर्ज सूट वजा जाता किमतीवर द्यावे, ती सूट व्याज कमी केल्याच्या रूपात दाखवू नये. ते घरगुती वस्तूंच्या कर्जांच्या संदर्भात होते हे मला ठाऊक आहे. तत्त्व गाड्यांना लागू पडत नाही असे मात्र मला वाटत नाही.

जाहिरातीतल्या १,३२,००० चे पण पाहावे. त्यातले ६७,००० म्हणजे जीएसटी कमी झाल्याने किमतीत आलेली घट आहे. २२ सप्टेंबरपासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा एक टक्का सेसही गेला. ही सरकारने दिलेली सवलत आहे. ती किमतीतून वजा होऊनच ७,२०,००० हा आकडा आला. मग तीच रक्कम पुन्हा 'आमच्याकडून फायदा' म्हणून मोजणे कितपत प्रामाणिक आहे? उरलेले ६५,००० म्हणजे कॅश ४०,०००, एक्सचेंज २०,००० आणि कंपन्यांतल्या नोकरदारांसाठीची कॉर्पोरेट सवलत ५,०००. मोठा तुकडा कॅशचाच होता, आणि तोच गेला.

एक्सचेंजबद्दल तक्रार नाही, पण संबंध आहे म्हणून लिहिते. माझ्या जुन्या गाडीचे बाहेरचा व्यापारी १,६०,००० देत होता. आपल्या विक्रेत्याने १,३५,००० किंमत ठरवली आणि वर २०,००० बोनस. म्हणजे बोनस धरूनही मला ५,००० कमी मिळाले. आरसी दुसऱ्याच्या नावावर होण्याची जबाबदारी शोरूम घेणार होते आणि कोटेशनचा एकूण आकडा जमत होता, म्हणून मी ते ५,००० सोडले. डिस्काउंट गेल्यावर तो आकडाच जमत नाही. मधली पायरी काढून घेतल्यावर वरच्या पायरीवर कोण उभे राहील?

विमाही शोरूममधूनच घ्यावा लागेल, असे त्याच संध्याकाळी ऐकवण्यात आले. विमा कुठून घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचे असते, विक्रेत्याला सक्ती करता येत नाही, हे विमा नियामकाचे नियम मी सांगितल्यावर तो विषय तिथेच मिटला. म्हणजे नियम सांगितला की मिटते, हेही लक्षात आले.

आपल्या कॉल सेंटरने मला कळवले की सवलती हा 'विक्रेता आणि ग्राहक यांच्यातला व्यवहार' आहे. हे मला मान्य नाही. जाहिरातीवर बोधचिन्ह आपले आहे, स्कीम आपली आहे आणि डिस्काउंट नाकारताना दाखला दिला तो आपल्याच सर्क्युलरचा. विक्रेत्याने कोटेशन चुकीचे दिले असेल तर ते त्याच्याकडून वसूल करा, त्यात मला ओढू नका. किमतीबाबत लोकांची दिशाभूल होईल असा दावा करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतल्या अटी दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टाइपात हव्यात, आणि दाव्यातली दिशाभूल अटींनी सावरून घेता येत नाही. गुजराती जाहिरातीखाली इंग्रजी मुंग्या सोडणे या सूचनांत बसत नाही. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीत राहणारी कितीतरी मंडळी गुजराती पेपर वाचतात, पण तळाचे इंग्रजी वाचणारे थोडेच.

माझी मागणी अशी आहे. कोटेशनप्रमाणे ४०,००० रुपये मला परत मिळावेत आणि ते क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढून, कराच्या हिशेबासकट मिळावेत. त्या ४०,००० मध्ये ६,१०२ रुपये जीएसटीचे आहेत. सूट बिलावर दाखवली असती तर तेवढा कर मला लागलाच नसता. ती ठरली होती विक्रीच्या आधी, आणि कोटेशन त्याचा पुरावा आहे, त्यामुळे 'आता बिल निघाले' हे कारण चालणार नाही. हे शक्य नसेल तर दुसरा मार्ग मी सुचवते. मला माझ्या बँकेत कर्ज वळवू द्यावे, फोरक्लोजरचे, म्हणजे कर्ज मुदतीआधी फेडण्याचे, शुल्क आणि प्रक्रिया शुल्क आपण सोसावे, आणि कमी व्याजाचा लाभ मी सोडल्यामुळे कॅश डिस्काउंट मला द्यावा. आपल्याच नियमाप्रमाणे एकच सवलत घेईन, पण कोणती ते मी ठरवीन. ॲक्सेसरीजची कूपने, मोफत सर्व्हिसिंग किंवा सीट कव्हर देऊ केल्यास मी घेणार नाही. शोरूमने सीट कव्हर आधीच देऊन पाहिले आहे.

ते अंतर्गत सर्क्युलरही मला पाठवावे. ज्या कागदाच्या आधारे माझे ४०,००० नाकारले तो कागद मला पाहायला मिळाला पाहिजे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, नोंद करून बडोद्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येत असल्याने मला आपल्या मुख्य कार्यालयाच्या गावी यावे लागणार नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेकडे विवरणपत्राच्या मुदतीबाबत वेगळे पत्र गेले आहे.

सोबत कोटेशन, जाहिरातीचे कात्रण, बिल, मुख्य तथ्य विवरणपत्र आणि हरकत नोंदवलेला डिलिव्हरीचा कागद यांच्या प्रती जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत. पहिला हप्ता ५ नोव्हेंबरला जाणार आहे, त्याआधी निर्णय कळावा.

आपली,
(सही)
ग्राहक, बडोदे