मुकुटाचा फोटो मोठा, मुद्दा गायब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत सुष्मिता सेन यांच्यावर पानभर मजकूर आला, आभारी आहोत. १९९४ च्या मनिलातल्या मिस युनिव्हर्सच्या मुकुटाने अर्धं पान खाल्लं. मार्च २०२३ मध्ये हार्ट अटॅकनंतर त्या जे बोलल्या, त्याच्या वाट्याला दीड ओळ. मुख्य रक्तवाहिनीत ९५ टक्के अडथळा होता, अँजिओप्लास्टी करून स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला, हे सांगून त्यांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या: हा फक्त पुरुषांचा आजार नाही, आणि माझ्याकडे बघून व्यायाम सोडू नका. तुमचा मथळा काय? ‘जिमवेडीला झटका’. धन्य!

शेवटी ‘महिलांनी वेळीच ईसीजी काढावा’ असा सल्लाही आहे. काढावा, पण नीट निघतो का तेही बघा. गळ्याच्या खळगीपासून बोट खाली नेलं की छातीच्या मधल्या हाडावर आडवा उंचवटा लागतो. त्याला लागून असलेली बरगडी दुसरी. तिथून मोजत खाली येऊन बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत, हाडाच्या दोन बाजूंना व्ही-१ आणि व्ही-२ हे ईसीजीचे कप लावायचे. प्रत्यक्षात पडदा नसतो, बाई कर्मचारी जेवायला गेलेली असते, ब्लाउज सोडायला सांगायचं कोणी? मग कप लागतात दुसऱ्या फटीत. त्यामुळे छातीच्या पुढच्या बाजूच्या नोंदींमध्ये ‘आर’ ही वर जाणारी लहर हवी तशी वाढत नाही आणि कधी न आलेला जुना अटॅक ईसीजीच्या पट्टीवर दिसतो. व्ही-४ ची जागा पाचव्या फटीत, स्तनाखाली. पालथ्या हाताने स्तन उचलून कप खाली बसवायचा. स्तनावरच चिकटवला तर लहरी बुटक्या येतात. आणि मंगळसूत्र उतरवायला लावून घरच्यांशी वाद घालत बसू नये. बाजूला सरकवलं की भागतं.

पहिली पट्टी दवाखान्यात पाय ठेवल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवी. ती नॉर्मल आली म्हणजे सुटलो असं नाही. त्रास थांबत नसेल तर १५ ते ३० मिनिटांनी दुसरी, सोबत ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्तचाचणी), आणि काही तासांनी पुन्हा ट्रोपोनिन. बायकांनाही बहुधा छातीतच दुखतं. पण जोडीला मळमळ, घाम, जबडा, पाठ, धाप असलं की बाई आधी तेच सांगते आणि समोरचा ‘पित्त आहे’ म्हणून अँटासिडची बाटली हातात देतो. दुसरी पट्टी राहते ती राहतेच.

तुमच्या चौकटीतला ‘छातीत दुखताच जिभेखाली सॉर्बिट्रेट’ (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) हा सल्ला तर कोणी तपासला होता? हृदयाच्या उजव्या कप्प्याला झटका बसला असेल किंवा रक्तदाब आधीच खाली असेल, तर त्या गोळीने माणूस कोसळू शकतो. घरी करायचं ते एवढंच: १०८ ला फोन, आणि ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर फोनवर विचारून ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खाणं. चावून, गिळून नव्हे. जिना उतरून स्वतः स्कूटरवर जाणं नको.

सुष्मितांच्या २०१४ च्या ॲडिसन्सची (मूत्रपिंडावरच्या ग्रंथी पुरेसं स्टेरॉइड बनवत नाहीत तो आजार) बोळवण तुम्ही ‘हार्मोन्सचा त्रास’ अशी केलीत. त्यात स्टेरॉइडची गोळी परस्पर बंद केली तर जीवावर बेततं. मोठ्या आजारपणात डोस उलट वाढवावा लागतो. ही ओळ मुकुटाखाली सहज मावली असती.

जाता जाता, त्याच पानाच्या तळाशी ‘ब्लॉकेज विरघळवणाऱ्या’ काढ्याची जाहिरात आहे, स्टेंटची गरज नाही अशा हमीसह. स्टेंट बसलेल्या कोणी ती वाचून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, हे जाहिरात विभागाला कोणीतरी कळवावं. संपादकीय विभागाला कळवून झालं.

आपली,
ईसीजी विभागातील एक तंत्रज्ञ, सातारा