मासे जिवंत आहेत, म्हणून पाण्यात करंट नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत घरातल्या फिशटँकच्या निगराणीवरचा लेख वाचला. पाणी किती बदलावं, फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात का धुवावा, शेवाळ कशानं माजतं, हे सगळं लेखकानं छान समजावून सांगितलं आहे. दिव्याचं काम मात्र एका ओळीत उरकलं आहे. झाकणातला लाइट काढायचा, पुसायचा, परत बसवायचा, झालं. त्याआधी प्लग उपसायचा, हे कुठंच आलेलं नाही. मी वायरिंगची कामं करतो आणि घरी टाकीही बाळगून आहे, म्हणून ही राहिलेली बाजू मांडतो.

टाकीच्या लाइटमध्ये काही गडबड आहे असं म्हटलं की समोरून हमखास एक उत्तर येतं : ‘अहो, करंट उतरत असता तर मासे मेले नसते का?’ प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो फसवा आहे. टाकी काचेची असते आणि काचेतून वीज जात नाही. झाकणातली फेजची, म्हणजे वीज आणणारी, वायर सोलून पाण्याला टेकली, तरी तिथून जमिनीकडे जायला वाट नसेल तर विजेचा प्रवाह वाहतच नाही. सगळं पाणी आणि त्यातले मासे विजेच्या एकाच दाबावर (व्होल्टेजवर) असतात, उघड्या तारेवर बसलेल्या कावळ्यासारखे. कावळ्याला काही होत नाही आणि माशालाही नाही. मग आपण अनवाणी, नुकतंच पाणी सांडलेल्या फरशीवर उभं राहून मेलेलं पान काढायला हात घालतो. तोवर नसलेली वाट त्या क्षणी तयार होते : हात, छाती, पाय, जमीन. दुसरा हात लोखंडी स्टँडला किंवा नळाला लागलेला असला तर आणखी वाईट. तेव्हा मासे निवांत पोहताहेत याचा अर्थ ते निवांत पोहताहेत, इतकाच घ्यावा. त्यांना टेस्टर समजू नये.

इशारा कधीकधी मिळतो. बोटाला कुठं कापलेलं असलं की तेवढ्याच जागी पाण्यात चुरचुरतं. लोक ते औषधावर नाहीतर मिठावर ढकलतात. हात बाहेर काढून सगळे प्लग उपसले आणि मग पुन्हा पाण्यात घातल्यावर चुरचुर गेली, तर ती औषधाची नव्हती हे उघड आहे. मग त्या टाकीवरची एकेक वस्तू तपासून घेतल्याशिवाय काहीही परत लावू नये.

टाकीचं झाकण ही दिव्यासाठी घरातली सगळ्यात वाईट जागा. खालून दिवसरात्र वाफ, फिल्टरच्या धारेचे तुषार, वर बंद पेटी. ट्यूबची जुनी पट्टी असेल तर एकदा उघडून बघा, अर्थात प्लग काढून. होल्डरच्या पितळी पत्तीवर हिरवट थर चढलेला असतो, रबरी टोपीच्या आत पाण्याचे मणी साचलेले असतात. कुणीतरी मागं मारलेल्या जोडावरची काळी टेप उबेनं सुटून चिकट झालेली असते आणि तिच्याखाली तांबं उघडं पडलेलं असतं. चोक गरम होतो, बंद झाला की गार पडतो आणि गार पडताना भोवतालची दमट हवा आत ओढतो. समुद्री टाकी असेल तर मीठ वायरीवरून सरपटत वर चढतं, पांढरी पूड होऊन होल्डरपर्यंत पोचतं. समुद्राचं पाणी नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट सहज वीज वाहून नेतं आणि ती पूड पुन्हा दमट झाली की तेच काम करते. ती ओल्या फडक्यानं पुसावी, मग कोरड्यानं, आणि होल्डर पूर्ण सुकेपर्यंत वीज जोडू नये. झाकणाच्या आत जोड नसलेलाच बरा. वायर कुरतडलेली किंवा कडक पडलेली असेल तर सगळीच बदलावी, तुकडा जोडू नये.

आता ‘मी बटण बंद करूनच हात घालतो’ म्हणणाऱ्यांसाठी. बोर्डावरचं साधं बटण दोनपैकी एकच वायर तोडतं. ती फेज असायला हवी, पण बटण न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीवर, लावून ठेवलेले बोर्ड कामावर मी भरपूर बघतो. अशा बोर्डावर बटण बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तशीच जागी असते. दिव्याच्या वायरीवरच्या छोट्या बटणाचं तर काहीच सांगता येत नाही, कारण दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो. भरीला टायमर असतो. तुम्ही कोपर बुडवून काच घासत असता आणि ठरल्या वेळेला तो इमानदारीनं लाइट लावतो. म्हणून प्लग भिंतीतून बाहेर काढून डोळ्यांसमोर ठेवावा. आणि तो फक्त लाइटचा नव्हे. त्याच पाण्यात हीटर आणि पंपही आहेत. पाणी उतरवताना हीटर चालू राहिला तर उघडी पडलेली काच तडकते, म्हणजे तेही कारण आहेच.

एलईडी आल्यापासून नवा गैरसमज पसरला आहे की त्यात बारा व्होल्टच असतात, मग भीती कसली. पट्टीला बाहेरचा अडॅप्टर असेल आणि त्यावर बाहेर येणारा दाब १२ किंवा २४ व्होल्ट लिहिला असेल, तर पट्टीपुरतं ते बरोबर आहे. पण अडॅप्टरच्या पोटात २३० व्होल्टच येतात. तो झाकणावर पाण्याच्या वर ठेवला आणि घरंगळून पाण्यात पडला, तर सगळी सुरक्षितता बुडाली. शिवाय हलक्या अडॅप्टरमध्ये आतल्या २३० व्होल्टच्या आणि कमी व्होल्टच्या बाजूंमधलं अंतर आणि इन्सुलेशन कसं असेल, याचा भरवसा नाही. दुसरं म्हणजे कित्येक एलईडी दिव्यांना बाहेरचा अडॅप्टर नसतोच, थेट २३० व्होल्ट आत जातात. जुन्या पट्टीत चोक काढून बसवायच्या काही एलईडी ट्यूबमध्ये फेज एका टोकाला आणि न्यूट्रल दुसऱ्या टोकाला द्यावा लागतो. वीज चालू ठेवून अशी ट्यूब एका बाजूनं होल्डरमध्ये घातली की हातातल्या मोकळ्या टोकाच्या पिनांवर करंट येऊ शकतो. ओल्या हातात, टाकीवर वाकून, याहून वाईट काम शोधून सापडणार नाही.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ हेही नेहमीचंच. एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचवायला नाही. शरीरातून १ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला की झिणझिण्या येतात, १० च्या पुढे स्नायू आखडून हात सोडवता येत नाही आणि ३० च्या पुढे तो काही क्षण टिकला की हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. ६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीनं ३० मिलिअँपिअर म्हणजे त्याच्या क्षमतेचा दोनशेवा भाग, त्याला तो जाणवतच नाही. इथं लागतो आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. गेलेली वीज परत आली की नाही याचा तो हिशेब ठेवतो आणि तेवढी गळती झाली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइन तोडतो. गळती मोठी असेल तर त्याहून पुष्कळ लवकर. त्याच्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबत जा. तेव्हा तो पडला नाही तर त्याची पेटी फक्त शोभेला आहे. पाण्यात अर्थिंगची सळई सोडायचा सल्ला काही जण देतात. आरसीसीबी असेल तर उत्तम, गळती होताच लाइन पडते. नसेल तर मात्र मघाशी म्हटलेली वाट तुम्ही कायमची करून ठेवता.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. एक्स्टेन्शन बोर्ड टाकीखाली फरशीवर टाकू नये, भिंतीला उंचावर ठोकावा. प्रत्येक वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबू देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब तळाशी गळतो, प्लगमध्ये शिरत नाही. दिवा घेताना खोक्यावरचा आयपी आकडा वाचावा, पाणी आत शिरण्यापासून किती संरक्षण आहे ते त्यातून कळतं. आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरेल, आयपी २० म्हणजे पाण्यापासून कसलंच संरक्षण नाही. आणि कुणाचा हात टाकीत चिकटलेला दिसला तर त्याला धरून ओढू नका, धावत जाऊन मेन बंद करा.

माझी आपल्याला विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी फिशटँकवर काही छापाल तेव्हा सफाईची पहिली पायरी म्हणून ‘सगळे प्लग भिंतीतून काढा’ हे छापा, पाणी बदलण्याच्याही आधी. आणि दिवे बनवणाऱ्यांनी खोक्याच्या आतल्या घडीपत्रकात बारीक टायपात घातलेली हीच सूचना झाकणावरच, हात घालताना दिसेल अशी छापावी. तिथं सध्या रंगीत माशाचं चित्र असतं, त्याच्या शेजारी जागा भरपूर आहे.

आपला,
एक वाचक (वायरमन)