कॉलच्या नोंदीत शेजार दिसत नाही

वस्त्यांमधील सामाजिक भांडवल, म्हणजे अडीअडचणीला कामी येणारी माणसांची नाती आणि विश्वास, मोबाइल कॉलच्या नोंदींवरून मोजावे, असे सुचवणारा लेख वाचला. मुंबईत ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. संपर्कांचे वैविध्य आणि परिसराची सुबत्ता यांचा संबंध दाखवणारा ब्रिटनमधील अभ्यास २०१० सालचा. त्यातील नोंदी ऑगस्ट २००५च्या, व्हॉट्सअ‍ॅपपूर्वीच्या. आज भिशी, मंडळ, सोसायटी सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. कॉलच्या नोंदीत त्याचा मागमूस नसतो. धारावीतली शेजारीण तर दारातूनच हाक मारते! म्हणजे सर्वांत घट्ट नाते नोंदीत शून्य. अशा आकड्यांवरून वस्त्यांना गुण देण्याआधी काही गल्ल्यांत घरोघरी जाऊन विचारावे : रात्री रुग्णालय गाठायचे झाले, हातात पैसे नसले, तर कोणाचे दार ठोठावाल?

— एक वाचक, दादर, मुंबई