पयलीं वाच, मागीर उलय

सर,

परवा वाचनालयात गेले तर तुमच्या खुर्चीवर दुसऱ्याच बाई. तुम्ही निवृत्त झालात हे तेव्हा कळलं. निरोप समारंभ हुकला, म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितेय, तेव्हा तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते रुचलंही नसतं.

खरं सांगायचं तर मी यायला लागले ती पंख्याखाली बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला. राजकारणाचं मला वावडंच. सकाळी पेपरच्या टेबलावर आजोबा मंडळींची वादावादी सुरू झाली की मी वैतागायची. एकदा तक्रार केली, तर तुम्ही म्हणालात, ‘पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राज्यात इथे गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापावी लागायची. झगडूं दी तांकां.’

मग त्या पावसाळ्यात आमच्या वाड्यावर बातमी फिरली की शेत सेटलमेंटमध्ये, म्हणजे घरं बांधायच्या झोनमध्ये जातंय. कोणी म्हणे झालंच, कोणी म्हणे अफवा. मी तुमच्यापाशी येऊन तावातावाने बोलले, पंचांना नावंही ठेवली. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. ‘पयलीं वाच, मागीर उलय,’ आधी वाच, मग बोल, एवढंच म्हणालात आणि राजपत्रांचा, म्हणजे सरकारी गॅझेटच्या अंकांचा, गठ्ठा पुढ्यात ठेवलात.

राजपत्र दर गुरुवारी निघतं हे मला ठाऊकच नव्हतं. मोबाइलवरही मिळतं म्हणे. पण जे आहे हेच माहीत नाही, ते शोधणार कसं? इंग्रजी अंक, वर तारखेशेजारी कंसात शक आणि पौष-माघ असा आपला महिना. ते बघून उगाच धीर आला. आत तक्ता: गाव, सर्व्हे नंबर, आताचा झोन, मागितलेला झोन, क्षेत्रफळ. अक्षर मुंगीएवढं. तुम्ही ड्रॉवरमधून भिंग काढून दिलंत. आईच्या पिशवीतला जमिनीचा एक-चौदाचा उतारा शेजारी ठेवून मी ओळीओळीवरून बोट फिरवत गेले, तो आमच्या शेताला लागूनचाच नंबर सापडला. नियोजन कायद्याच्या ३९ए कलमाखालची, झोन बदलायची नोटीस. हरकतीला ३० दिवस, त्यातले १९ उलटलेले.

हरकत लिहून द्या म्हटलं, तर तुम्ही साफ नाही म्हणालात. कायद्याची प्रत दिलीत, कोरे कागद दिलेत, बस्स. पण खरा राग आला तो दोन दिवसांनी. त्या जमीनवाल्यांचा पुतण्या तोच अंक मागायला आला आणि तुम्ही त्यालाही तितक्याच अगत्याने पान काढून दिलंत. वर भिंगही. आम्ही समोरासमोर बसलेलो, मध्ये तुमचा पाण्याचा तांब्या. हे आहेत तरी कोणाच्या बाजूचे, असं मनात आलं. आता वाटतं, बरं केलंत. त्याला नाही म्हणाला असतात, तर पुढच्या खेपेला मलाही म्हणाला असतात.

रविवारच्या ग्रामसभेत मी अंकाची तारीख आणि सर्व्हे नंबर वाचून दाखवला. आवाज कापत होता. ‘तुला हे कोणी शिकवलं?’ असं मागून कोणी तरी ओरडलं. ‘वाचलं,’ म्हटलं. हरकतीच्या पोचप्रतीवर शिक्का मिळाला. शेताचं पुढे व्हायचं ते होईल.

आणखी एक. आमच्या घरी दर १६ जानेवारीला १९६७च्या जनमत कौलावरून भांडण ठरलेलं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं म्हणून आजोबांनी फुलावर शिक्का मारलेला, वेगळं राहायचं म्हणून आजीने दोन पानांवर. आजोबा म्हणत, थोडक्यात हरलो. तुम्ही मला पणजीला पाटोवर पाठवलंत, कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात, जुनी कागदपत्रं बघायला. १८३२ पासूनची ती संस्था, आणि मी पणजीत शिकूनही पायरी चढले नव्हते! आकडे उतरवून आणले: वेगळेपणाला १,७२,१९१, विलीनीकरणाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. आजोबांनी कागद घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘थोडक्यातच की.’ आजी हसता हसता पडायची राहिली.

तुमचं भिंग माझ्याकडेच आहे. आई त्यावर गुरुवारचा अंक वाचते, सोडायला तयार नाही. नव्या बाईंकडे जमा करू की तुमच्या घरी आणून देऊ, तेवढं कळवा.

तुमची,
खिडकीपाशी बसणारी