मिस्सेचेही आमंत्रण द्यावे

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

नाताळच्या तयारीचा आगमनकाळ तोंडावर आला आहे आणि वसईच्या किनारपट्टीवरील ख्रिस्ती घरांतून नाताळची निमंत्रणे लवकरच जाऊ लागतील. शेजारी, कचेरीतले सहकारी, शाळेतले जुने मित्र अशा सर्वांना आपण आग्रहाने जेवायला बोलावतो आणि तेही आनंदाने येतात. परंतु ज्या प्रार्थनेतून हा सण उभा राहतो, त्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधील सामुदायिक उपासनेला, ‘आमच्याबरोबर चला’ असे आपण क्वचितच म्हणतो, याचे मला फार वाईट वाटते.

चर्चमध्ये बोलावले तर धर्मांतराचा संशय येईल, ही धास्ती यामागे असते. ती मी समजू शकतो. मात्र बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानात येशूविषयी शंका घेणाऱ्या नथनेलाशी येशूचा शिष्य फिलिप वाद घालत बसत नाही, ‘येऊन पाहा’ एवढेच सांगतो. आमंत्रण इतके साधे आणि मोकळे असेल, नकार आला तरी मैत्रीत अंतर पडणार नसेल, तर संशयाला जागा उरत नाही.

पाहुण्याला आधी नीट कल्पना देणे मात्र यजमानाचे कर्तव्य आहे. १९६२ ते १९६५ या काळातील कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सेत लॅटिनच्या जागी लोकभाषा आल्या, त्यामुळे मराठी मिस्सेतील वाचने आणि गीते त्याला सहज समजतील. इतरांबरोबर उठावे, बसावे. गुडघे टेकण्याची सक्ती नाही आणि दानाची पिशवी समोर आली तरी काही टाकलेच पाहिजे असे नाही. सर्वांत नाजूक बाब कम्युनियनची, म्हणजे मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर स्वीकारण्याची. देवळात प्रसाद नाकारणे हा अवमान मानला जात असल्याने आपला हिंदू मित्र स्वाभाविकपणे ओंजळ पुढे करून रांगेत उभा राहील आणि तिथे त्याला थांबवावे लागले तर तो दुखावेल. कम्युनियन हा श्रद्धावंत कॅथलिकांसाठी असलेला संस्कार आहे, त्या वेळी जागेवर बसून राहण्यात कोणताही अनादर नाही, हे घरून निघतानाच सांगितले पाहिजे. शक्य तर आपणही त्याच्या शेजारीच बसावे.

आपल्याच घरातील, नोकरीनिमित्त मुंबईला गेलेली आणि हळूहळू मिस्सेपासून दुरावलेली मुले हा याहून जिव्हाळ्याचा विषय आहे. ‘तू चर्चला का येत नाहीस?’ या प्रश्नाने ती आणखी दूर जातात. ‘रविवारी माझ्यासोबत येतोस का?’ असे आजीने विचारले तर त्यात जाब नसतो, सोबतीची इच्छा असते. त्याच शुभवर्तमानात अंद्रिया या शिष्यानेही येशूची भेट होताच आपला सख्खा भाऊ शिमोन याला गाठून त्याच्याकडे नेले होते.

धर्मग्रामांनी (पॅरिशांनी) सणाच्या पत्रिकांवर मराठी मिस्सेची वेळ ठळकपणे छापावी आणि इतर धर्मीय बंधुभगिनींचेही स्वागत आहे, असे स्पष्ट लिहावे. आपल्या दैनिकानेही नाताळच्या आठवड्यात तालुक्यातील चर्चमधील वेळा प्रसिद्ध कराव्यात, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, वसई