साहेबांना घोड्यांचा कळवळा, पण रस्त्याचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली साहेबांची माथेरानवरची मुलाखत वाचली, डोक्यातून जाईना म्हणून आज लिहायला बसलोय. साहेबांना एका दमात दोन काळज्या. पर्यटन पुन्हा उभं राहिलं पाहिजे आणि मुक्या घोड्यांचे हाल थांबले पाहिजेत. छान, नाही कोण म्हणतंय? पण अख्ख्या अर्ध्या पानात तिथल्या रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकबद्दल एक अक्षर नाही आणि घोडं तर नेमकं तिथेच पेंड खातंय.

मागच्या दिवाळीत आईला घेऊन गेलो होतो, तिचे गुडघे गेलेत. गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरीला गाडीतून उतरत नाही तोच एक जण हजर, मिनी ट्रेनची शटल बंद आहे, रिक्षाला दोन तास लागतील, घोडा घ्या. घेतला. थोडं पुढे गेलो तर शटल सुटते त्या अमन लॉज स्टेशनकडून इंजिनाची शिट्टी! असो. पुढे एका उतारावर ब्लॉक ओले होते, घोड्याच्या पायात नवे कोरे नाल, पुढचे दोन्ही पाय सर्रकन गेले आणि घोडा गुडघ्यांवर बसला. आई खोगीर धरून कशीबशी राहिली म्हणून निभावलं. घोडेवाला विशीतला पोरगा, त्याने आधी आईला उतरवलं, मग घोड्याचा गुडघा चाचपत बसला. कातडं सोललं होतं, त्याने गळ्यातला रुमाल सोडून तिथे बांधला. म्हणाला, काका मातीत नाल रुततो, ह्याच्यावर म्हणजे तेल सांडलेल्या लादीवर चालल्यासारखं. पैसे अर्धेच घेतले त्याने. दस्तुरीवरचा थापाड्या मात्र स्वतःचं कमिशन घेऊन कधीच पसार झाला होता. ह्याच फसवणुकीला वैतागून मार्च 2025 मध्ये गावानेच बंद पुकारला होता ना, मग ते का नाही विचारलं साहेबांना?

पावसात माती वाहून जाते, ई-रिक्षाला धड रस्ता लागतो, हे कळतं हो. माणसाने माणसाला हातरिक्षातून ओढायचं बंद करा असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. पण चढउताराला एक कड तरी मातीची ठेवावी एवढं कुणाला सुचू नये? घोडेवाले कधीपासून बोंबलतायत ब्लॉकवर घोडे घसरतात म्हणून. साहेबांचा उपाय काय, तर 'जनजागृती'. कुणाची, घोड्यांची?

आणि आर्थिक उभारीचं म्हणाल तर 2019 च्या पावसात नेरळची मिनी ट्रेन बंद पडली ती पूर्ण मार्गावर यायला ऑक्टोबर 2022 उजाडला. मधल्या लॉकडाऊनमध्ये गिऱ्हाईक नाही म्हणून चंदीला पैसे नव्हते, लोकांनी मदत गोळा करून ह्या घोड्यांना खायला घातलं. तेव्हा हा कळवळा कुठे चरायला गेला होता? गावात गाड्यांना बंदी, त्यामुळे सिलेंडर, सिमेंट, भाजीपाला सगळं घोड्याच्या पाठीवरून जातं. मुलाखतीत मात्र घोडा म्हणजे पोरांना चक्कर मारायचं जनावर. साहेब वर गेले तेव्हा कशाने गेले हे पण छापा एकदा, आम्हाला उत्सुकता आहे.

जाता जाता, मुलाखतीबरोबर जो फोटो छापलाय तो रेसच्या घोड्याचा आहे, जॉकीसकट! माथेरानला तुमचा फोटोग्राफर जात नाही का? आणि तिसऱ्या कॉलममध्ये 'दस्तुरी'चं 'कस्तुरी' झालंय, प्रूफ कोण वाचतं तुमच्याकडे?

कळावे,
तुमचा जुना वाचक, बदलापूर